पेटीतला लष्करी टॉर्च : आधी सेल, मग बाकी सगळं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आजोबा देवळालीला लष्कराच्या डेपोत नोकरीला होते. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत काटकोनी डोक्याचा एक टॉर्च सापडला. अंगावर मळकट हिरवा रंग, मागे पट्ट्यात अडकवायची क्लिप आणि ‘टीएल-१२२-ए’ अशी खूण. तळाचं टोपण फिरत नाही, हलवून पाहिलं तर आत काही वाजत नाही, बटणाच्या कडेनं हिरवट-पांढरी पूड आलेली आहे. क्लिपखाली खिळ्यानं कोरल्यासारखी दोन अक्षरं आणि चार आकडे आहेत. रंग खरवडून खालचं पितळ चकाचक करावं, आत एलईडी बसवावा आणि कपाटात मांडावा असा तुमचा विचार आहे, आणि सुरुवात कुठून करायची ते तुम्ही विचारलं आहे.

सुरुवात रंगापासून करू नका. रंग गेली कित्येक वर्षं जसा आहे तसाच आहे आणि आणखी काही वर्षं तसाच राहील. तुमची खरी अडचण आतल्या सेलची आहे. आत काही वाजत नाही याचा अर्थ सेल फुगून नळीला चिकटले आहेत, आणि बाहेर पूड दिसते याचा अर्थ त्यांतला द्रव पितळ खात बसला आहे. हे काम आजही चालू आहे आणि पावसाळ्यात जोरात चालतं. त्यामुळे आधी सेल बाहेर काढायचे, मग नळी धुवायची, मग वीज जाते का ते बघायचं आणि रंगाचा विचार अगदी शेवटी करायचा.

तुमच्या हातात काय आहे ते आधी सांगतो. टीएल-१२२ हा अमेरिकी सैन्याचा टॉर्च. डोकं काटकोनात वळवलेलं, म्हणजे छातीवरच्या पट्ट्यात अडकवला की उजेड समोर पडतो आणि दोन्ही हात मोकळे राहतात. दोन मोठे सेल, सरकतं बटण आणि उघडझाप करून खुणा देण्यासाठी दाबायची वेगळी कळ. ‘ए’ आवृत्ती पितळी अंगाची होती. युद्धात पितळ काडतुसांना हवं झालं आणि ‘बी’ आवृत्ती प्लास्टिकची आली. त्यापुढच्या आवृत्त्यांत पाणी शिरू नये म्हणून रबरी चकत्या आल्या, तळाशी जादा बल्बासाठी जागा आली. १९६० च्या दशकात व्हिएतनामच्या काळात याचाच वंशज, एमएक्स-९९१, आला. त्याच्या बटणाच्या दोन्ही बाजूंना उभे कान असतात, म्हणजे चुकून दाबलं जात नाही. हे टॉर्च आपल्याकडे कसे आले याचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्या महायुद्धात चीन-ब्रह्मदेश-भारत आघाडीमुळे अमेरिकी सैन्याचा प्रचंड माल भारतात उतरला होता. युद्ध संपल्यावर त्यातला बराचसा इथेच राहिला आणि विक्रीत निघाला. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात आजही अधूनमधून असा एखादा नग हाती लागतो.

आता सेलची गोष्ट. इथे थोडं रसायनशास्त्र लागतं, कारण सेल कोणत्या जातीचा आहे त्यावर पुढची सगळी कृती ठरते. इंटरनेटवर शोधलंत तर बहुतेक ठिकाणी ‘व्हिनेगर लावा’ असा सल्ला दिसेल. तो सल्ला अल्कलाइन सेलसाठी बरोबर आहे. त्यातून गळतं ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं, ते अल्कधर्मी म्हणून त्यावर सौम्य आम्ल चालतं. पण आपल्याकडे दुकानात सर्रास मिळणारे मोठे सेल आजही झिंक-कार्बन जातीचे असतात, आणि तुमच्या आजोबांच्या काळात तर दुसरे मिळतच नव्हते म्हणा ना. या सेलमध्ये नवसागर आणि झिंक क्लोराइड असतं. त्यांचा द्रव मुळातच आम्लधर्मी, त्याच्यावर आणखी आम्ल ओतून काय साधणार?

नवसागर म्हणजे कल्हईवाला तापलेल्या भांड्यात टाकायचा आणि ज्याचा पांढरा धूर नाकात जायचा, तोच. तांब्या-पितळेवरचा काळा थर तो खाऊन टाकतो म्हणून कल्हईला उपयोगी. टॉर्चच्या नळीत मात्र तो वर्षानुवर्षं ओलसर बसून राहतो आणि त्यातून पितळेचा आणखी एक शत्रू तयार होतो, तो म्हणजे अमोनिया. ब्रिटिश काळात भारतातल्या छावण्यांमध्ये एक कोडं होतं. तबेल्यात साठवलेल्या पितळी काडतुसांना पावसाळ्यात आपोआप चिरा पडत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि थंड अवस्थेत ओढून काढलेल्या पितळेत अडकून राहिलेला ताण, या दोहोंमुळे ते होतं, हे १९२१ मध्ये स्पष्ट झालं. टॉर्चची पितळी नळीही तशीच ओढून बनवलेली असते. म्हणून आतला मळ मला नुसता घाण म्हणून खटकत नाही, नळी चिरेल याची धास्ती असते. पितळ चमकवणाऱ्या पुष्कळ पॉलिशमध्येही अमोनिया असतो. तुम्ही पितळ चकाचक करायचं म्हणता तेव्हा माझ्या मनात पहिली ही काळजी येते.

टोपण उघडण्याआधी डोक्याकडची काचेची कडी फिरवून काढा. ती सहसा हातानं निघते. काच, परावर्तक (रिफ्लेक्टर) आणि बल्ब बाहेर काढून स्वतंत्र डबीत ठेवा. रिफ्लेक्टरच्या आतल्या बाजूला बोट लावू नका, त्याबद्दल पुढे सांगतो. नाजूक माल बाजूला झाला की पाण्याची कामं निर्धास्त करता येतात.

टोपणाच्या सांध्यावर गंज सोडवणारं पातळ तेल काडीनं थेंब-थेंब सोडा. रंगावर आलेलं लगेच पुसा आणि रात्रभर टॉर्च उलटा उभा ठेवा. सकाळी फक्त टोपणाकडचं टोक कडकडीत नव्हे, पण हाताला चांगलं गरम लागेल अशा पाण्यात पाच-दहा मिनिटं बुडवा. टोपण बाहेरून आधी तापतं, किंचित फुगतं, आणि आट्यांत जमलेला क्षारही पाण्यात विरघळायला लागतो. मग सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन तुकडे घ्या, एक टोपणाभोवती आणि एक नळीभोवती गुंडाळा आणि पहिल्यांदा किंचित आवळण्याच्या दिशेला जोर द्या. जमलेला क्षार त्यानं तुटतो. त्यानंतर उलट फिरवा. एका दिवसात नाही सुटलं तर तेल-पाण्याचा हाच फेरा पुन्हा करा, चार दिवस लागले तरी हरकत नाही. पाइप पाना किंवा बाकावरचा शेगडा (व्हाइस) मात्र लावू नका. नळी पातळ असते, ती एकदा चेपून अंडाकृती झाली की टोपण पुन्हा नीट बसत नाही, आणि फुगलेले सेल तर आणखीच घट्ट होतात.

टोपण निघालं की तुम्हाला सेलचा जस्ताचा बूड दिसेल. इथे थांबा आणि सेलवर काय लिहिलंय ते वाचता आलं तर वाचा. अल्कलाइन असं लिहिलेलं असेल किंवा सेल नवा वाटत असेल, तर त्याला भोक पाडायचं नाही. आतलं दाहक द्रव्य डोळ्यात उडू शकतं. झिंक-कार्बन असेल तर नळीत कोमट पाणी भरून तासभर ठेवा, ओतून टाका, पुन्हा भरा. दोन-चार वेळा असं केल्यावर लाकडी पाटावर जाड कापडाची घडी ठेवून उघडं तोंड हलकेच आपटा. कित्येकदा पहिला सेल तेवढ्यावर निसटतो.

नाही निसटला तर स्क्रू. साध्या सरळ टॉर्चमध्ये मागून काठी घालून सेल ढकलता येतात, पण इथे डोकं काटकोनात असल्यामुळे ती सोय नाही, ओढूनच काढावे लागतात. मोकळ्या हवेत बसा, डोळ्यांवर गॉगल, हातात रबरी मोजे, खाली जुनी वर्तमानपत्रं. जस्ताच्या बुडात मध्यापासून जरा बाजूला तीन मिलिमीटरचं भोक हातड्रिलनं पाडा. मध्यावर कार्बनची कांडी असते, तिच्यावर ड्रिल घसरतं. भोकात लांब लाकडी स्क्रू पिळा. दोन-तीन आट्यांनंतर तो जस्तात आणि आतल्या मसाल्यात पकड घेतो. मग पक्कडीनं स्क्रू धरून सरळ रेषेत ओढायचं, हिसडा न देता. आधी काळा ओलसर गाळ येतो, तो मँगनीज डायऑक्साइड आणि कार्बनचा. त्यापाठोपाठ चिकट कागदी अस्तर येतं, आणि चाळण झालेलं जस्त बहुधा तुकड्या-तुकड्यांनीच येतं. नळीला चिकटून राहिलेली जस्ताची पत्री टोकदार पक्कडीनं नळीपासून आतल्या बाजूला वळवून सोलायची. जुन्या सेलमध्ये जस्त लवकर झिजू नये म्हणून थोडा पारा घालत असत. म्हणून या मळाला आच लावायची नाही, वाळल्यावर त्याची धूळ उडवायची नाही, आणि तो घरच्या कचऱ्यात न टाकता पिशवीत बांधून ई-कचरा केंद्रावर द्यायचा.

धुताना क्रम महत्त्वाचा. नवसागर आणि झिंक क्लोराइड दोन्ही पाण्यात सहज विरघळतात, म्हणून पहिली धुलाई नुसत्या पाण्यानं, पाणी स्वच्छ येईपर्यंत. खाण्याचा सोडा त्यानंतर, पेलाभर पाण्यात चमचाभर, आणि तोही दोन-तीन मिनिटंच. सोडा आधीच टाकलात तर उरलेल्या नवसागरातून अमोनिया सुटतो, जो आपल्याला पितळेजवळ नकोच आहे. शेवटी डिस्टिल्ड वॉटरनं खळखळून घ्या, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं, आणि पंख्याखाली रात्रभर वाळवा. कडक पांढरे खवले राहिले तर बांबूच्या कामटीनं उकरा, लोखंडी सुरी नको. मग भिंगातून नळीच्या तोंडाकडची कड बघा. लांबीच्या दिशेनं केसासारखी चीर दिसली, तर हा टॉर्च यापुढे मांडून ठेवायचा, त्यात सेल घालायचे नाहीत, कारण स्प्रिंगचा दाब ती चीर वाढवतो. डाख देण्याच्या फंदातही पडू नका, त्या आचेनं आजूबाजूचा रंग जळतो.

नळी शाबूत असेल तर वीज बघायची. साधा मल्टिमीटर पुरेल. बल्बाची तार शाबूत असेल तर थंड अवस्थेत रोध एक ओहमपेक्षाही कमी दिसतो. बल्ब चांगला आणि तरीही उजेड पिवळा-मंद पडत असेल, तर दोष जवळजवळ नेहमी जोडांत असतो : टोपणाची स्प्रिंग, टोपणाच्या आट्या, बटणाखालची पितळी पट्टी. दोन सेलच्या टॉर्चमधला २.४ व्होल्ट, अर्धा अँपिअरचा बल्ब धरा. वाटेत एका ओहमचा जादा रोध आला तर बल्बापर्यंत दोन व्होल्टही धड पोचत नाहीत, आणि तारेच्या बल्बाचा उजेड व्होल्टेजच्या साधारण साडेतीनाव्या घाताच्या प्रमाणात घटतो, म्हणजे उजेड जवळजवळ निम्मा होतो. एक ओहम म्हणजे पट्टीवरचा हिरवा डाग एवढाच. तो पांढऱ्या खोडरबरानं आणि अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीनं निघतो. पॉलिश पेपर लावू नका, मुलामा गेला की पट्टी पुन्हा लवकर काळवंडते. बटण सुटं करण्याचा मोह आवरा. ते बहुधा रिव्हेटनं बसवलेलं असतं, उघडलं की पूर्वीसारखं बसत नाही. वरूनच अल्कोहोलचे दोन थेंब सोडून पन्नासेक वेळा पुढे-मागे सरकवा.

रिफ्लेक्टर काळवंडला असेल तर मुळात तो चांदीच्या मुलाम्याचा असावा. काच बसवताना लावलेल्या रबरी चकतीतला गंधकही चांदी काळी करतो. तो चोळून पुसायचा नाही. मुलामा इतका पातळ असतो की दोन वेळा पॉलिश केलं की खालचं पितळ दिसायला लागतं. फुंकणीनं धूळ उडवा, डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून काढा, तिरका ठेवून वाळवा. थोडा काळा राहिला तर राहू द्या. नवी चकती लागली तर सिलिकॉनची घ्या. जुनी रबरी चकतीच ठेवलीत तर तिला वंगण सिलिकॉनचं लावा. खनिज तेलावरचं वंगण नैसर्गिक रबर फुगवतं.

आता रंग. इथे माझं मत ठाम आहे. तो खरवडू नका. क्लिपखालची अक्षरं आणि आकडे रंगातूनच कोरलेले आहेत, रंग गेला की ते पितळेवरचे फिकट ओरखडे उरतील, पॉलिश केल्यावर तेही जातील. ते कुणाचे आहेत हे आज कळत नसलं तरी आजोबांच्या जुन्या कागदपत्रांशी पडताळून बघा. बटणाजवळ जिथे अंगठा लागायचा तिथला रंग झिजून पितळ उघडं पडलं असेल, क्लिपच्या कडेला रेघ पडली असेल. ती झीज बनावट करता येत नाही, संग्राहक आधी तीच बघतो. काचेवर काळ्या रंगाचे किंवा चिकटवलेल्या कागदाचे अवशेष दिसले, तर तेही ठेवा. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत ब्लॅकआउटमध्ये लोक टॉर्चच्या काचा अशाच झाकत. शिवाय त्या काळच्या रंगात शिसं असण्याची शक्यता मोठी, म्हणजे कोरडा पॉलिश पेपर मारणं तुमच्या फुफ्फुसांनाही वाईट. सौम्य साबणाच्या पाण्यात पिळलेलं सुती कापड, मग कोरडं कापड, आणि संग्रहालयात धातूच्या वस्तूंना लावतात त्या मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात. एवढंच. आधी तळाशी नखाएवढ्या जागेवर करून बघा.

याला अपवाद आहे. टॉर्च आधीच कुणी तरी घरगुती ऑइलपेंटनं रंगवलेला असेल, तर ठरवणं अवघड होतं. वरचा थर काढताना खालचा मूळ थर टिकेल याची खात्री नसते. अशा वेळी मी तो तसाच ठेवतो. दुसरा कुणी अनुभवी माणूस काढेलही, आणि त्याचंही चूक म्हणणार नाही. प्लास्टिकच्या ‘बी’ किंवा पुढच्या आवृत्तीला मात्र थिनर किंवा अ‍ॅसिटोन कधीच नाही, पृष्ठभाग वितळून कायमचा डागाळतो.

एलईडीला माझा विरोध नाही. फक्त मूळ बैठकीत बसणारा एलईडी बल्ब घ्या. बैठका दोन प्रकारच्या असतात, दहा मिलिमीटर आट्यांची आणि गोल कॉलरची. तुमचा जुना बल्ब बघून ठरवा. रिफ्लेक्टर कापून किंवा तारा डाखून काही बसवू नका. लिथियमचा ३.७ व्होल्टचा सेल घालायचा तर जुना बल्ब क्षणात उडेल हे ध्यानात ठेवा. मी स्वतः पेन्सिल सेल मोठ्या सेलच्या मापात आणणारे प्लास्टिकचे कोष वापरतो आणि त्यांत रिचार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल घालतो. ते गळण्याचं प्रमाण फार कमी, आणि फुगले तरी कोषात फुगतात, नळीला चिकटत नाहीत. तरीही दाखवून झालं की सेल बाहेर.

तुमच्यासारखीच पेटी उघडणाऱ्या आणखी कुणाला चपटा, चौकोनी, मागे चामड्याची पट्टी असलेला टॉर्च मिळाला, तर तो बहुधा जर्मन पद्धतीचा. डायमन, पेरट्रिक्स ही त्यातली जुनी नावं. पुढे सरकवायच्या लाल-हिरव्या काचा असतात. लाल उजेडानं अंधाराला सरावलेले डोळे बिघडत नाहीत. तो सराव व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, म्हणून नकाशा वाचताना लाल काच लावायची. याला ४.५ व्होल्टचा चपटा सेल लागतो, तो आपल्याकडे दुर्मीळ, पण तीन पेन्सिल सेल शेजारी-शेजारी ठेवून एकाचं धन टोक दुसऱ्याच्या ऋण टोकाला असे जोडले की त्या जागेत आरामात बसतात. चामड्याला खोबरेल चोळू नका. पितळी बटणाशी त्याचा हिरवा मेणचट थर तयार होतो.

विकत घ्यायला बाहेर पडलात तर एवढं पाहा. एमएक्स-९९१ च्या धर्तीचे टॉर्च दशकानुदशकं बनत आले आहेत आणि आजही नकला मिळतात, त्यामुळे ‘व्हिएतनामचा’ या शब्दाला किंमत देऊ नका. अक्षरांच्या कडा, टोपणाच्या आट्यांची नेटकी बसणी, बटणाची सरक हे हातात घेऊन बघा. टोपण उघडून न दाखवणाऱ्याकडून घ्यायचा असेल तर आत सेल सडलेत असं धरूनच भाव करा.

ठेवण्याची जागा कोरडी हवी. हवाबंद डबा, सिलिका जेलच्या पुड्या आणि दर पावसाळ्याआधी त्या बदलणं. टोपण घट्ट आवळू नका, अर्धा आटा सैल ठेवा. आणि जुना बल्ब, काढलेली रबरी चकती, सेलवरचं वाचता आलेलं नाव हे सगळं एका पाकिटात घालून त्यावर पेन्सिलीनं तारीख आणि तुम्ही काय-काय बदललंत ते लिहा. पाकीट टॉर्चच्या नळीत न ठेवता डब्यात शेजारी ठेवा, साधा कागद ओल धरतो.